बडोदे संस्थानच्या काळातली पुस्तके संदर्भसूचीत कशी नोंदवायची? (एपीए, सातवी आवृत्ती)

शोधार्थी_वडोदरा

नमस्कार. मराठीत लिहिलेला शोधनिबंध एका नियतकालिकाकडे पाठवायचा आहे. विषय बडोदे संस्थानातली ग्रंथनिर्मिती. नियतकालिकाची अट अशी: मजकूर युनिकोडमध्ये आणि संदर्भ एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या) संदर्भपद्धतीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे. मार्गदर्शकांनी खर्डा वाचून संदर्भसूची परत केली. शेरा एवढाच: "नोंदी एकसारख्या नाहीत, आणि यावरून पुस्तक शोधायला गेले तर सापडणार नाही."

एपीएचे साधे नियम मला ठाऊक आहेत. अडचण येते ती पुस्तकांमुळे. मराठी पुस्तकांवर कित्येकदा नुसते शके असते, गुजराती पुस्तकांवर संवत. छापखान्याचे नाव ठळक असते, पण प्रकाशक कोण ते कळत नाही. 'श्री सयाजी साहित्यमाला' किंवा 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' या ग्रंथमालांतला क्रमांक कुठे लिहायचा? लेखकाच्या नावाआधी-नंतर इतकी अक्षरे असतात की आद्याक्षरे नेमकी कोणती, हेच समजेनासे होते. काही पुस्तके मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत प्रत्यक्ष पाहिली, काहींच्या फक्त स्कॅन प्रती मिळाल्या. शिवाय तळटीपांत मी सगळीकडे 'तत्रैव' (वरचाच ग्रंथ) आणि 'उनि' (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे वर सांगितलेला) वापरले आहे. ते ठेवू की काढू?

---

शीर्षकपान

मार्गदर्शकांच्या शेऱ्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नोंद वाचून दुसऱ्या माणसाला तुम्ही वाचलेलीच प्रत, तेच पान उघडता आले पाहिजे. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, हे त्यानंतर.

म्हणून पहिला नियम: नोंद हातातल्या प्रतीवरून करायची. ग्रंथालयाच्या कार्डावरून नाही, संगणकावरच्या यादीवरून नाही, दुसऱ्याच्या प्रबंधातून तर मुळीच नाही. पुस्तक हातात असतानाच तीन फोटो काढून ठेवा: शीर्षकपान, त्याच्या मागचे पान आणि ज्या पानावरून उतारा घेतला ते पान, खालचा पृष्ठांक दिसेल असे. बाहेरच्या वेष्टनावर किंवा पुठ्ठ्यावर छापलेले नाव ग्राह्य धरू नका. जुन्या पुस्तकांची बांधणी पुन्हा होते, आणि बांधणाऱ्याने कण्यावर घातलेले नाव बहुतेक वेळा अपुरे असते.

लेखकाचे नाव. जुन्या मराठी शीर्षकपानावर 'रा. रा.' दिसले तर ती आद्याक्षरे समजू नका. ते 'राजमान्य राजेश्री' आहे. 'कै.', 'वे. शा. सं.', 'ह. भ. प.', 'प्रो.' ही सगळी गळतात. नावामागची 'बी. ए., एल्एल्. बी.' सुद्धा गळते. उरते ते स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. सूचीत आडनाव आधी, मग दोन्ही आद्याक्षरे. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर टाकून देऊ नका. जोशी, कुलकर्णी, पटेल, शहा या आडनावांचे एकाच पहिल्या अक्षराचे चार-चार लेखक निघतात आणि त्या एका अक्षरावर सगळे अवलंबून असते. लेखक टोपणनावानेच ओळखला जात असेल आणि शीर्षकपानावर तेच असेल, तर नोंद टोपणनावाखाली: कुसुमाग्रज 'क'खाली, शिरवाडकर 'श'खाली नाही.

भाषांतर की आधार? संस्थानच्या मालांमधली बरीच पुस्तके इंग्रजी ग्रंथांवरून केलेली आहेत. 'भाषांतरकार' छापले असेल तर मूळ लेखक लेखकाच्या जागी येतो आणि भाषांतरकार शीर्षकानंतर कंसात 'अनु.' म्हणून. पण 'च्या आधारे रचिले' असे असेल तर मराठी लेखकच लेखक. हा खुलासा शीर्षकपानावर नसतो, प्रस्तावनेच्या पहिल्या दोन पानांत असतो, म्हणून प्रस्तावना वाचल्याशिवाय नोंद पक्की करू नका.

आवृत्ती आणि पुनर्मुद्रण. इथे सर्वांत जास्त चुका होतात. मजकुरात बदल किंवा भर घालून पुन्हा छापले की नवी आवृत्ती. तोच मजकूर तसाच पुन्हा छापला की पुनर्मुद्रण. आपल्याकडे मात्र प्रकाशक पुनर्मुद्रणालाही सर्रास 'दुसरी आवृत्ती' म्हणतात. पाने ताडून पाहा: जुळणी नव्याने केली असेल तर पृष्ठांक सरकलेले असतात. एपीएत वर्ष लिहायचे ते तुम्ही वापरलेल्या आवृत्तीचे, आणि आवृत्ती पहिली नसेल तर शीर्षकानंतर कंसात 'दुसरी आवृत्ती'. जुने पुस्तक पुष्कळ वर्षांनी पुन्हा प्रकाशित झाले असेल तर नोंदीच्या शेवटी कंसात 'मूळ प्रकाशन १९१२' असे जोडायचे आणि मजकुरात दोन्ही वर्षे तिरप्या रेघेने द्यायची: (आडनाव, १९१२/१९९०, पृ. ४७). तुमचा विषय ग्रंथनिर्मितीचा, तेव्हा हे मूळ वर्ष तुमच्यासाठी फार मोलाचे आहे. नाहीतर १९१२ सालचे मत १९९० मधले म्हणून वाचले जाईल.

प्रकाशक आणि मुद्रक. 'हे पुस्तक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' हे वाक्य नीट फोडायचे. 'छापून' ज्याच्यापुढे आहे तो मुद्रक, 'प्रसिद्ध केले' ज्याच्यापुढे आहे तो प्रकाशक. एपीएला मुद्रक नको असतो. लेखकानेच प्रसिद्ध केले असेल तर सातव्या आवृत्तीप्रमाणे प्रकाशकाचे नाव गाळायचे. प्रकाशक कुठेच सापडला नाही आणि छापखानाच तेवढा छापलेला असेल, तरच छापखान्याचे नाव लिहा.

मालेचा क्रमांक. तुमच्या सूचीचा गोंधळ इथे झाला असावा, असा माझा अंदाज. मालेतला क्रमांक म्हणजे ग्रंथाचा खंड नव्हे. गायकवाड ओरिएंटल सिरीजमधले, अभिनवगुप्ताच्या टीकेसह छापलेले नाट्यशास्त्र घ्या. चार खंड आहेत, पण मालेतले क्रमांक ३६, ६८, १२४ आणि १४५. वर्षे १९२६, १९३४, १९५४ आणि १९६४. 'खंड ३६' असे लिहिलेत तर वाचणारा बाकीचे पस्तीस शोधत बसेल. सयाजी साहित्यमालेतल्या 'पुष्प' क्रमांकाचेही तेच. एपीएच्या नोंदीत मालेचे नाव आवश्यक नाही. पण तुमच्या विषयात तीच ओळख असल्याने मजकुरात किंवा टीपेत जरूर द्या. याच मालेत आणखी एक खाचखळगा: ओरिएंटल इन्स्टिट्यूटची स्थापना १९२७ ची. त्याआधीच्या ग्रंथांवर सेंट्रल लायब्ररीचे नाव असते. सवयीने सगळीकडे 'ओरिएंटल इन्स्टिट्यूट' लिहू नका, पानावर जे असेल तेच.

---

पंचांगी

वर्षांबद्दल तेवढे मी लिहितो, कारण शकात ७८ मिळवा आणि संवतातून ५७ वजा करा एवढ्यावर भागत नाही.

शके चैत्रात सुरू होतो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. शके १८३२ च्या चैत्रात निघालेले पुस्तक १९१० चे, त्याच शकाच्या माघातले १९११ चे. प्रस्तावनेखाली तिथी असते, ती पाहा. पण प्रस्तावनेची तिथी म्हणजे प्रकाशनाची तारीख नव्हे. फाल्गुनात लिहिलेली प्रस्तावना पुढच्या शकात छापून झालेली असू शकते. महिना नक्की नसेल तर अंदाजाने एक वर्ष निवडू नका. 'शके १८३२ [१९१०–११]' असे दोन्ही लिहा. चौकोनी कंसाचा अर्थच असा की कंसातली माहिती पुस्तकावर छापलेली नाही, नोंद करणाऱ्याने काढली आहे.

संवताची गंमत प्रांतावर अवलंबून आहे. गुजरातेत संवत कार्तिकात, दिवाळीनंतर बदलतो. कार्तिकापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा, जानेवारीपासून आश्विनापर्यंत ५६ वजा. उत्तरेकडच्या हिंदी पुस्तकांत संवत चैत्रात बदलतो. तिथे चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ५७ वजा आणि जानेवारी ते वर्षअखेर ५६. म्हणजे आषाढ संवत १९७२ हे गुजराती पुस्तकावर असेल तर १९१६ आणि काशीच्या हिंदी पुस्तकावर असेल तर १९१५. आपल्या वडोदऱ्यात दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच कपाटात मिळतात, म्हणून आधी भाषा आणि गाव पाहायचे, मग वजाबाकी.

गुजराती आकडे वाचतानाही सावध. गुजराती पाच जवळजवळ 'प' या अक्षरासारखा असतो. स्कॅन प्रतीतून मजकूर उचलणारे सॉफ्टवेअर तिथे हमखास अक्षर घालते आणि वर्षात तीनच आकडे उरतात.

काहीच वर्ष नसेल तर एपीएत तारखेच्या जागी 'दिनांक नाही' किंवा मराठीत रूढ 'ता. न.' लिहितात. दोन्हीपैकी एकच, आणि शेवटपर्यंत तेच.

---

दांडियाबाजारकर

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. एका मुद्द्यावर थोडे वेगळे मत आहे: गाव.

प्रकाशनाचे गाव एपीएने सातव्या आवृत्तीत काढून टाकले. एमएलए या दुसऱ्या संदर्भपद्धतीने २०१६ च्या आठव्या आवृत्तीतच काढले होते, आणि शिकागो पद्धतीनेही २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्याची सक्ती सोडली. मोठे प्रकाशक आणि महाजाल यांच्या जगात ते ठीक आहे. पण संस्थानी काळात छोट्या गावातला प्रकाशक गावाच्या नावानेच ओळखला जातो. एमएलएलाही हे पटलेले दिसते. १९०० पूर्वीच्या पुस्तकांना प्रकाशकाऐवजी गाव चालते, अशी मुभा तिथे आहे. नियतकालिक एपीए मागते आहे तेव्हा सूचीत गाव घालू नका, पण स्वतःच्या टिपणात प्रत्येक पुस्तकाचे गाव लिहून ठेवा. पुढे याच कामाचा प्रबंध झाला आणि विद्यापीठाने दुसरी पद्धत सांगितली, तर पुन्हा शंभर पुस्तके काढावी लागणार नाहीत. गाव जसे छापले असेल तसेच: 'बडोदें' असेल तर 'बडोदें'. त्याचे 'वडोदरा' करायचे नाही.

हेच शीर्षकाला लागू. जुन्या शीर्षकातले अनुस्वार आजच्या शुद्धलेखनानुसार काढू नका. 'इतिहासाचीं साधनें' असे छापले असेल तर ती टिंबे राहिलीच पाहिजेत. शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ पासूनचे. त्याआधीच्या पुस्तकाला ते लावणे म्हणजे पुस्तकाचे नाव बदलणे. फक्त शोधताना दोन्ही रूपे टाकून पाहा, कारण ग्रंथालयाच्या याद्यांमध्ये कुणी टिंब ठेवलेले असते, कुणी काढलेले.

आणि प्रस्तावनेचे पृष्ठांक. पुष्कळ मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना आकडे नसतात, अक्षरी संख्या असते: सात, अकरा, सतरा. तिथे 'पृ. सतरा' असेच लिहायचे. १७ लिहिलेत तर वाचणारा मुख्य मजकुराचे सतरावे पान उघडेल आणि उतारा तिथे नसेल. प्रस्तावना दुसऱ्या कुणाची असेल तर तिची नोंद प्रस्तावनाकाराच्या नावाने स्वतंत्र करा. प्रस्तावनेतले मत पुस्तकाच्या लेखकाच्या तोंडी घालणे ही लहान चूक नाही.

---

शोधार्थी_वडोदरा

सर्वांचे मनापासून आभार. 'रा. रा.' ही आद्याक्षरे म्हणून माझ्या सूचीत दोन ठिकाणी गेली होती, ती आत्ताच काढली.

आता उरलेले: स्कॅन प्रती, 'तत्रैव' आणि वाल्मीकि रामायणाची बडोद्याची चिकित्सक आवृत्ती (हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेली). ती मी एकच नोंद म्हणून '१९६०–१९७५, सात खंड' अशी दिली आहे. ठीक आहे का? आणि एका इंग्रजी पुस्तकात उद्धृत केलेले जुने संस्थानी परिपत्रक मला वापरायचे आहे. मूळ परिपत्रक मिळालेले नाही.

---

शीर्षकपान

रामायणाची एकच नोंद चालली असती, जर तुम्ही साऱ्या आवृत्तीबद्दल एक विधान करत असता. श्लोक उद्धृत करत असाल तर प्रत्येक कांडाची वेगळी नोंद हवी, कारण संपादक वेगळे आहेत. बालकांड १९६० चे, संपादक गो. ह. भट्ट. सुंदरकांड १९६६ चे, संपादक झाला. युद्धकांड १९७१ चे, प. ल. वैद्यांचे. उत्तरकांड १९७५ चे, उमाकांत शाहांचे. मजकुरात पृष्ठांकाऐवजी कांड, सर्ग, श्लोक असे तीन आकडे द्या, म्हणजे दुसरी छपाई वापरणाऱ्यालाही जागा सापडते. पण आवृत्तीचे नाव सोडून नुसते आकडे दिलेत तर ते निरुपयोगी. प्रचलित पाठात सुंदरकांडाचे ६८ सर्ग आहेत, बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीत ६६. युद्धकांडाचे तिकडे १२८, इकडे ११६. प्रक्षिप्त (मागाहून घुसडलेले) ठरलेले भाग टीपांत आणि परिशिष्टांत गेले, त्यामुळे पुढचे सगळे क्रमांक सरकले. ज्ञानेश्वरीच्या ओव्यांनाही हेच लागू: अध्याय आणि ओवी लिहायची, पण कुणी संपादिलेली प्रत, हे सूचीत हवेच.

स्कॅन प्रत. पडद्यावर दिसतो तो पीडीएफचा पानक्रमांक. त्यात पुठ्ठा, कोरी पाने, प्रस्तावना सगळे मोजलेले असते. उद्धृत करायचा तो कागदावर छापलेला पृष्ठांक. दोन्हींतला फरक एकदा मोजून ठेवा, मात्र तो पुस्तकभर सारखाच राहील असे समजू नका. मध्ये चित्रांची पाने आली किंवा स्कॅन करणाऱ्याने एक पान दोनदा उचलले की फरक बदलतो, म्हणून दर पन्नास पानांनी पुन्हा ताडून पाहा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातून आलेल्या स्कॅन प्रतींचे नाव, लेखक, वर्ष फाइलसोबत जसे येते तसे कधीच घेऊ नका. रोमन अक्षरांत मोडतोड झालेली शीर्षके आणि चुकीची वर्षे तिथे खूप आहेत. फाइल उघडा, शीर्षकपानापर्यंत जा, तिथून घ्या. शीर्षकपान स्कॅनमध्ये नसेल तर ती प्रत फक्त वाचायला वापरा आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत किंवा सेंट्रल लायब्ररीत छापील प्रत काढून मगच नोंद करा. पुस्तक हुबेहूब छापील प्रतीचे चित्र असेल तर नोंद छापील पुस्तकाचीच, शेवटी दुवा दिला तर उत्तम. गूगलवर दिसणारे दोन-तीन ओळींचे तुकडे उद्धृत करू नका. आधीची ओळ 'असे म्हणतात, पण' ही असू शकते.

'तत्रैव' आणि 'उनि'. एपीएत दोन्हींना जागा नाही. प्रत्येक वेळी आडनाव, वर्ष, पान द्यायचे. नियम म्हणून नव्हे, तर कारण समजून काढा. 'तत्रैव' म्हणजे लगेच वरच्या टीपेतला ग्रंथ. तुम्ही खर्डा सुधारताना मध्ये एक नवी टीप घातली की पुढचा 'तत्रैव' गुपचूप दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतो, आणि हे कुठलेही सॉफ्टवेअर पकडत नाही. 'उनि' त्याहून अवघड: त्याच लेखकाची दोन पुस्तके सूचीत असतील तर 'उपरिनिर्दिष्ट' कुठले? शिकागोची पद्धत तळटीपांवर चालते, तरी तिनेही २०१७ पासून 'तत्रैव'च्या जोडीच्या 'इबिड' या शब्दापेक्षा आडनाव आणि छोटे शीर्षक बरे, असे सांगितले आहे. काढताना शोधून एकदम बदलू नका. खर्ड्याची सर्वांत जुनी प्रत समोर ठेवून प्रत्येक 'तत्रैव' कुठे रोखलेला होता ते पाहत एकेक बदला.

न पाहिलेले परिपत्रक. मजकुरात परिपत्रकाचे नाव आणि वर्ष सांगा, मग 'मध्ये उद्धृत' असे लिहून तुम्ही वाचलेल्या पुस्तकाचे आडनाव, वर्ष, पान. सूचीत फक्त वाचलेले पुस्तक. परिपत्रक सूचीत घातले तर ते तुम्ही पाहिले असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी पुस्तकातला उतारा तुम्ही मराठीत आणलात तर 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' हेही तिथेच लिहा. मूळ परिपत्रक गुजराती किंवा मराठीत असण्याची शक्यता आहे. त्याचे इंग्रजी, मग पुन्हा तुमचे मराठी. दोन उड्यांनंतरचे शब्द अवतरणचिन्हांत मूळ म्हणून छापू नयेत.

---

रकाना_भरा

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मराठी पुस्तकांसाठी चार गोष्टी. वापरत नसाल आणि पुस्तके चाळीसपेक्षा कमी असतील, तर हातानेच करा, लवकर होईल.

आयएसबीएन टाकून माहिती ओढली की मराठी पुस्तकाची नोंद बहुधा रोमन लिपीत, अक्षरांवर टिंबे-रेघा घेऊन येते. सगळे रकाने देवनागरीत पुन्हा टाइप करावे लागतात. तुमच्या जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएन नाहीच.

तारखेच्या रकान्यात वर्ष इंग्रजी आकड्यांतच भरा. देवनागरी आकड्यांना झोटेरो वर्ष म्हणून ओळखत नाही आणि नोंद बिनतारखेची होते. शके असेल तर तो तारखेत नको, 'एक्स्ट्रा' रकान्यात टिपून ठेवा. मूळ प्रकाशनवर्षही तिथेच: इंग्रजीत 'ओरिजिनल डेट', मग अपूर्णविराम, मग वर्ष. टोपणनावाला दोन रकान्यांऐवजी एकच रकाना निवडा, नाहीतर ते अर्धे नाव, अर्धे आडनाव होते. माला आणि मालाक्रमांक यांना वेगळे रकाने आहेत. खंडाच्या रकान्यात त्यांना बसवू नका.

सूची तयार झाल्यावर लेखाची एक प्रत वेगळी जतन करा, तिच्यात झोटेरोशी जोडणी तोडा, आणि मगच आकडे देवनागरी करा, रोमन अक्षरांत आलेले 'आणि इतर', 'संपा.', 'पृ.' मराठीत आणा. मूळ जोडलेल्या फाइलमध्ये हे केले तर पुढच्या वेळी सूची ताजी होताना सगळे पुसले जाते.

झोटेरोशी संबंध नाही, तरी सांगतो: अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाइप करायची सवय फार पसरली आहे. दिसायला सारखे, पण 'प्रकाशनः' हा संगणकासाठी वेगळा शब्द आहे. शोधही चुकतो आणि अनुक्रमही. संपूर्ण फाइलमध्ये विसर्ग शोधा, आणि 'दुःख', 'अंतःकरण' यांसारखे खरे विसर्ग सोडून बाकीचे बदला. अकारविल्हे लावतानाही नजर ठेवा: संगणक बहुतेकदा 'क्ष' 'क'मध्ये आणि 'ज्ञ' 'ज'मध्ये घालतो. नियतकालिकाला शेवटी हवे असतील तर हाताने हलवा. देवनागरीला खरा तिरपा ठसा नसतो, संगणक अक्षरे नुसती कलती करतो, म्हणून शीर्षके तिरपी हवीत की ठळक, हे नियतकालिकालाच विचारा.

---

दांडियाबाजारकर

साम्यतपासणीचेही (मजकूर दुसरीकडच्या लेखनाशी किती जुळतो, हे सॉफ्टवेअरने पाहणे) बोलून टाकू, कारण पाठवण्याआधी ती होणारच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ धरले आहे. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळलेले आहेत. सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही. पण सॉफ्टवेअर अवतरण ओळखते ते चिन्हांवरून. मराठीत आपण एकेरी अवतरणचिन्हे सढळ हाताने वापरतो. उताऱ्याला दुहेरीच द्या. ४० शब्द किंवा अधिक असतील तर एपीएप्रमाणे चिन्हांशिवाय वेगळा, आत सरकवलेला परिच्छेद होतो. तो मोजणीत धरला गेला तर अहवालात ते पान दाखवून हाताने वगळायला सांगता येते. आणि आपल्या शब्दांत सांगितलेल्या मताला अवतरणचिन्ह नको असते, संदर्भ मात्र हवाच.

---

शोधार्थी_वडोदरा

नाट्यशास्त्राचा पहिला खंड मी दुसऱ्या आवृत्तीतून वाचला आहे. नोंद अशी केली:

कवी, एम. आर. (१९२६). नाट्यशास्त्र (खंड ३६). ओरिएंटल इन्स्टिट्यूट, बडोदे.

खंडाच्या जागी मालेचा क्रमांक पडला हे लिहितानाच दिसले. आणखी काय?

---

शीर्षकपान

चार गोष्टी. दुसरी आवृत्ती १९५६ ची आहे. तुम्ही तिची पाने दिलीत आणि वर्ष १९२६ चे, म्हणजे एकही पृष्ठांक भरवशाचा राहणार नाही. गाव एपीएत नको. ग्रंथ भरताचा, संपादक लेखकाच्या जागी आले आहेत. आणि संपादकांचे नाव: रामकृष्ण कवी हे दक्षिणेकडचे नाव आहे, त्यात 'कवी' हे आपल्यासारखे आडनाव नाही. त्याचे तुकडे करून 'कवी, एम. आर.' केले तर ग्रंथालयाच्या यादीत सापडणे कठीण. तिथे ते बहुधा 'रामकृष्ण कवी, एम.' असे असते. अशी लिहा:

भरतमुनी. (१९५६). नाट्यशास्त्र (एम. रामकृष्ण कवी, संपा.; दुसरी आवृत्ती, खंड १). ओरिएंटल इन्स्टिट्यूट.

मजकुरात (भरतमुनी, १९५६, पृ. …). दुसरी आवृत्ती सुधारली ती के. एस. रामस्वामी शास्त्री यांनी. पाठभेदावर काही म्हणत असाल तर त्यांचे नावही मजकुरात घ्या, कारण तो पाठ तुमच्या हाती त्यांच्या दुरुस्तीनंतर आला आहे. शीर्षकपानावर शीर्षक याहून लांब आहे. फोटो समोर ठेवून ते पुरे करा.